घरगुती मेण, खान्देशचे ऊन आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मोटारगाडीच्या रंगाला लावायचे मेण घरच्या घरी कसे बनवावे, याची कृती प्रसिद्ध झाली आहे. मी भुसावळचा रहिवासी असून माझी अडतीस वर्षे गाड्यांच्या रंगकामात गेली आहेत. आता दुकान मुलगा सांभाळतो आणि मी सकाळचे दोन तास तेथे जाऊन बसतो. घरी मेण बनवण्याची कल्पना मला मनापासून आवडते, मी स्वतः ते दरवर्षी बनवतो, आणि या विषयासाठी आपण अर्धे पान दिलेत याचा मला आनंदच झाला. परंतु त्या कृतीत एक कप जवसाचे तेल आहे, अर्धा कप व्हिनेगर आहे, सगळे जिन्नस गॅसवर एकत्र तापवण्याची सूचना आहे, आणि काम झाल्यावर तेलकट फडक्यांचे काय करायचे याविषयी एक शब्दही नाही. वैशाखात पारा 44-45 अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या भागात ही कृती गाडीलाही मानवणार नाही आणि घरालाही. पत्र थोडे लांबले तरी ते पूर्ण छापावे, ही विनंती.

पुरवणी आली त्या आठवड्यात बुधवारी सकाळी फैजपूरकडचा एक तरुण गडद निळ्या रंगाची गाडी घेऊन दुकानात आला. गाडी जेमतेम तीन वर्षांची, रंग उत्तम स्थितीत होता. त्याने सोमवारी संध्याकाळी आपण छापलेल्या कृतीने मेण बनवून बॉनेटला आणि टपाला लावले होते, आणि मंगळवारी दिवसभर गाडी शेताच्या बांधावर उन्हात उभी होती. मी बॉनेटवरून तर्जनी फिरवली, तर बोट सरकेना. ताज्या गुळाच्या ढेपेला लागावे तसे ते चिकटत सरकले आणि मागे एक काळसर पट्टा उमटला. सगळ्या बॉनेटवर धुळीचा मखमलीसारखा थर बसला होता, त्यात कापसाचे बारीक तंतू अडकलेले होते, दोन चिलटे होती आणि वायपरच्या खाली तेल ओघळून पिवळट रेघ तयार झाली होती. मुलाने ते दोन वेळा शाम्पूच्या पाण्याने धुतले, तरी चिकटपणा गेला नाही. अखेर टर्पेन्टाइनमध्ये, म्हणजे रंग पातळ करण्याच्या द्रवात, भिजवलेल्या मऊ कापडाने, न घासता, केवळ टिपून टिपून आम्ही तो थर काढला आणि त्यात दुपार झाली. त्या तरुणाने कृतीत जे लिहिले होते तेच केले होते. त्याची काहीही चूक नव्हती.

चूक जवसाच्या तेलाची आहे, आणि तीही तेलाची म्हणण्यापेक्षा ते चुकीच्या जागी वापरल्याची आहे. जवस, ज्याला काही भागांत अळशी म्हणतात, त्याचे तेल हे वाळणारे तेल आहे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल महिनोन्महिने ओलेच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याची कातडी बनते. लाकडाच्या बाबतीत हा मोठा गुण आहे. ते लाकडाच्या रंध्रांत शिरते, तेथेच घट्ट होते आणि लाकूड ऊन-पावसाला टिकते. माझे वडील पोळ्याच्या आधी बैलगाडीच्या साटीला आणि जुवाला दरवर्षी जवसाचे तेल पाजत असत. गाडीच्या पत्र्यावरच्या रंगाला मात्र रंध्रे नसतात. तेथे तेल शिरायला जागाच नाही, म्हणून ते पृष्ठभागावर पसरून राहते, कच्चे असेल तर कित्येक दिवस चिकट राहते, तोवर जी धूळ उडेल ती धरून ठेवते, आणि शेवटी वाळते तेव्हा त्या धुळीसकट वाळते. शिवाय कालांतराने ते पिवळे पडते. पांढऱ्या गाडीवर हे फार लवकर दिसते. ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, ते एवढेच म्हणायचे, ‘तेल लाकूडले, मेण लोखंडले.’ त्यापुढे त्यांनी कधी स्पष्टीकरण दिले नाही, परंतु ट्रकची लाकडी बॉडी आणि केबिनचा पत्रा यांची फडकीसुद्धा ते वेगळी ठेवायला लावीत.

त्या फडक्यांविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मी कामाला लागलो त्या काळी ट्रकच्या लाकडी फळ्यांना उकळलेले जवसाचे तेल दिले जाई. या तेलात लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. मी ज्या कारखान्यात होतो, तेथे एकदा भर उन्हाळ्यात दिवसभर दोन ट्रकांच्या फळ्या तेलवल्या आणि संध्याकाळी सगळ्या चिंध्या गोळा करून एका गोणपाटात दाबून कोपऱ्यात ठेवल्या. रात्री साडेनऊच्या सुमारास शेजारच्या पानवाल्याला पत्र्याच्या फटीतून धूर दिसला. कुलूप तोडून आत गेलो, तेव्हा गोणी आतून लाल झालेली होती आणि वरचा भाग मात्र अजून जसाच्या तसा होता. पाणी टाकले, आग विझली, दोन डबे आणि एक लाकडी शिडी गेली, यापलीकडे मोठे नुकसान झाले नाही. परंतु मालकांनी ठरवले की, हे बिडीचे काम आहे. आमच्यात सर्वांत लहान, चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. तो संध्याकाळी शेवटचा बाहेर पडला होता, म्हणून दोष त्याच्यावर आला. तो रडत सांगत होता की, मी बिडी ओढतच नाही. त्याचा आठवड्याचा पगार कापला गेला आणि त्याला घरी पाठवण्यात आले. आम्ही मोठी माणसे तेथे उभी होतो आणि आमच्यापैकी एकानेही त्याची बाजू घेतली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, रंगाच्या डब्यांवरच्या सूचना मन लावून वाचण्याची सवय लागली, तेव्हा मला कळले की, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या काडी न लावताही पेट घेतात. तेल वाळताना प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून उष्णता निघते. फळीवर पातळ पसरलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते. परंतु चिंध्यांचा बोळा करून दाबून ठेवला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, ती वाढत जाते, वाढलेल्या उष्णतेने तेल आणखी वेगाने वाळू लागते, आणि काही तासांत आतले कापड जळू लागते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके हे लवकर घडते. आमच्या गोणीचे नेमके हेच झाले होते. हे समजले तोपर्यंत तो मुलगा सुरतला निघून गेला होता आणि त्याचा पत्ता कोणाकडेही नव्हता. मी आजही त्याची क्षमा मागू शकलेलो नाही. आपल्या पुरवणीतली कृती वाचून किती घरांत अशी फडकी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा गाडीच्या डिकीत बोळा करून ठेवली गेली असतील, या विचाराने रविवारी रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून ज्यांनी ती कृती केली असेल, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, प्रथम ती फडकी शोधून काढावीत. ती घराबाहेर, सावलीत, दोरीवर किंवा फरशीवर एकेक करून पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यावीत, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत आणि मगच टाकावीत. बोळा करू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, कचराकुंडीत तशीच टाकू नयेत.

आता मेणाविषयी. मेण गाडीच्या रंगाचे नेमके काय करते, याबद्दल बराच गैरसमज आहे. आजच्या गाडीवर पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात, आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपले वृत्तपत्र ज्या कागदावर छापले जाते त्या कागदाहूनही पातळ. चमक या थराची असते. मेण त्या थराला जाड करत नाही, ओरखडे भरून काढत नाही आणि उडालेला क्लिअर कोट परत आणत नाही. ते त्यावर एक अत्यंत पातळ, पाण्याला न भिजणारा पापुद्रा धरते, ज्यामुळे पाणी पसरून न राहता मोत्यांसारखे होऊन ओघळते आणि घाण थेट रंगाला न चिकटता मेणाला चिकटते. पॉलिश ही वेगळी वस्तू आहे. त्यात बारीक घासणारी पूड असते आणि प्रत्येक वेळी क्लिअर कोटचा थोडा अंश निघून जातो. दुकानात येणारे निम्मे लोक पॉलिश मागतात, तेव्हा त्यांना हवे असते मेण.

आणि हा पापुद्रा खान्देशात किती उपयोगी आहे, हे ज्याची गाडी रावेर, यावल, सावदा या केळीच्या पट्ट्यात फिरते त्याला विचारावे. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, आणि हवा लागली की तपकिरी-काळा होऊन बसतो. कपड्यावरचा डाग जन्मभर जात नाही, तसेच रंगावरही त्याची सावली राहते. घडांच्या गाडीच्या मागे दोन-चार किलोमीटर चालले, तरी बॉनेटवर ठिपके येतात. मेण लावलेल्या गाडीवरून हे ठिपके त्याच दिवशी ओल्या कापडाने निघतात. मेण नसेल, तर रबिंग करून रंग झिजवावा लागतो. कूपनलिकेच्या जड पाण्याचेही तसेच आहे. उन्हात गाडी धुतली की, पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे वर्तुळ मागे राहते. मेणावर थेंब टिकून राहत नाहीत, म्हणून वर्तुळे कमी पडतात, तरी गाडी सावलीत धुवावी आणि लगेच पुसावी, हे मी ग्राहकांना प्रत्येक वेळी सांगतो. पक्ष्यांच्या विष्ठेचा प्रश्न सगळीकडेच आहे, त्यावर जागा घालवत नाही.

मेण कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र सगळीकडे सारखा नाही. मधमाशीचे मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते. मेण म्हणून ते सुरेख आहे, हाताळायला मऊ, वासाला गोड. परंतु उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा आसपासच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज अधिक तापतो. बाहेर 44 अंश असताना काळ्या बॉनेटवर 65 ते 70 अंश होणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. म्हणजे केवळ मधमाशीचे मेण लावले, तर दुपारी बारा ते चार या वेळेत ते प्रत्यक्ष वितळलेले असते, आणि वितळलेल्या मेणावर काळ्या मातीची धूळ बसली की संध्याकाळी थंड होताना ती आत पक्की होते. हा फरक पुस्तकातून कळत नाही, बॉनेटवर हात ठेवला की कळतो.

म्हणून कार्नौबा हवे. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या प्रदेशात, सिअरा, पिआउई या राज्यांत, एक ताडाच्या जातीचे झाड वाढते. दीर्घ दुष्काळात पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर मेणाचा थर चढवते. पाने कापून, उन्हात वाळवून, झोडपून तो थर भुकटीच्या रूपात काढतात. हे नैसर्गिक मेणांतले अत्यंत कठीण मेण असून ते 82 ते 86 अंशांना वितळते. खान्देशच्या तापलेल्या पत्र्याच्या वर त्याला बारा-पंधरा अंशांची मोकळीक राहते. आवर्षणाच्या मुलखातल्या झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेली वस्तू आपल्यासारख्या मुलखात कामी यावी, याचे मला नेहमी विशेष वाटते. पिवळट, ठिसूळ पाकळ्यांच्या स्वरूपात ते रसायनांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या दुकानांत मिळते. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच असते. मात्र ते एकटे वापरता येत नाही, कारण दगडासारखे घट्ट होते आणि पसरत नाही. त्याला वाकवायला मधमाशीचे मेण आणि पातळ करायला टर्पेन्टाइन लागते.

माझे प्रमाण असे आहे. कार्नौबा 30 ग्रॅम, मधमाशीचे मेण 15 ग्रॅम आणि टर्पेन्टाइन 160 ग्रॅम. उन्हाळ्यात गाडीवर राहायचे मेण या प्रमाणाने करतो; थंडीत वापरायचे असेल, तर कार्नौबा 20 आणि मधमाशीचे मेण 25 ग्रॅम घेतो, म्हणजे ते पहाटेच्या गारठ्यातही बोटाने उचलता येते. सगळे वजन काट्यावर घ्यावे. चमच्याने मोजलेल्या पाकळ्या आणि चमच्याने मोजलेला किसलेला गोळा यांत फार अंतर पडते, आणि आपण छापलेल्या कृतीत चमचेच आहेत. तेल नाही. व्हिनेगरही नाही, ते मेणात मिसळत नाही, खाली बसते आणि डबा पत्र्याचा असेल तर त्याला गंज चढवते.

मधमाशीचे मेण मी सातपुड्याच्या पायथ्याकडून आणतो. आग्यामोहोळाचा मध पिळून झाला की, उरलेले पोळे पुष्कळ जण फेकून देतात. ओळखीच्या पावरा आदिवासी कुटुंबाकडून ते मी विकत घेतो. ते गरम पाण्यात टाकून मंद आचेवर ठेवावे, वितळले की जुन्या धोतराच्या कापडातून गाळावे आणि भांडे रात्रभर हलवू नये. सकाळी पाण्यावर पिवळी भाकरी तरंगत असते. ती उलटी केली की, तळाला तपकिरी चुरा लागलेला असतो; तो सुरीने खरवडून काढावा आणि हवे तर पुन्हा एकदा वितळवून गाळावे. बाजारातल्या मेणात पुष्कळदा खनिज मेणाची भेसळ असते. बोटांत दाबून मळले असता खरे मेण हाताच्या उबेने मऊ होते आणि कणकेसारखे वळते, भेसळीचे मेण तुटते किंवा बोटाला तुपकट लागते.

आता वितळवणे, आणि येथे माझी दुसरी हरकत आहे. आपल्या कृतीत सगळे एकत्र गॅसवर तापवायला सांगितले आहे, आणि शेवटी ‘जवसाच्या तेलाऐवजी टर्पेन्टाइन चालेल’ असेही एक वाक्य आहे. टर्पेन्टाइनची वाफ साधारण 35 अंशांनाच ठिणगीने पेट घेण्याजोगी होते. मिनरल टर्पेन्टाइन म्हणून जे मिळते, त्याचेही मान 40 अंशांच्या आसपास आहे. थंड हवेच्या गावी उघडा डबा निर्धोक असेल, परंतु चैत्र-वैशाखात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये नुसता उघडून ठेवलेला डबासुद्धा त्या मर्यादेच्या वर गेलेला असतो. तो तापवावाही लागत नाही. गॅसवर ठेवणे म्हणजे घर पेटवणे आहे, आणि हे वाक्य मी जपून वापरत आहे. पेट्रोल किंवा रॉकेल घालण्याचा सल्लाही काही जण देतात. पेट्रोल तर कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, त्याचा विचारही करू नये.

मी असे करतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवतो, त्यात स्टीलचे लहान भांडे ठेवतो आणि आधी कार्नौबा, ते पाण्यासारखे पातळ झाले की मधमाशीचे मेण घालतो. थेट आचेवर मेण कधीही ठेवत नाही, कारण ते खालून करपते आणि धुरावले की पेटते. पाण्याच्या भांड्यात ते 100 अंशांच्या वर जाऊच शकत नाही. दोन्ही एकजीव झाले की, गॅस बंद करतो, सिलिंडरची कळ फिरवतो आणि गरम पाण्याचे पातेले मेणासकट अंगणात, घरापासून पंधरा-वीस पावलांवर नेतो. तेथे चूल नाही, देवाजवळचा दिवा नाही, बिडी नाही, मोटारीचे इंजिन चालू नाही, हे पाहून घेतो. टर्पेन्टाइनचा बंद डबा आधीच कोमट पाण्यात ठेवलेला असतो, कारण गार टर्पेन्टाइन एकदम ओतले तर कार्नौबाच्या रवाळ गुठळ्या होतात आणि त्या पुढे रंगावर ओरखडे पाडतात. बारीक धारेने ओतायचे आणि लाकडी काडीने ढवळत राहायचे, थांबायचे नाही, अगदी घट्ट होऊ लागेपर्यंत. दह्याच्या कवडीसारखे दिसू लागले की, रुंद तोंडाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून झाकण घट्ट लावायचे. थेंबभर मेण थंड स्टीलच्या ताटलीवर टाकून पाहावे. दोन मिनिटांनी बोटाने उचलले असता ते शेव्हिंगच्या साबणासारखे लागावे. फार कडक वाटले, तर पुन्हा गरम पाण्यात ठेवून थोडे टर्पेन्टाइन वाढवावे, अर्थात पुन्हा अंगणातच. हे काम मी दिवाळी ते संक्रांत या दिवसांत, सकाळी सातच्या आत उरकतो आणि वर्षाचा साठा करून ठेवतो. आता चैत्र लागला आहे; ज्याला धीर धरवत असेल, त्याने थंडीपर्यंत थांबावे, ज्याला धरवत नसेल, त्याने निदान पहाटे करावे.

लावण्याची पद्धत सोपी आहे. गाडी धुऊन, पुसून, सावलीत पत्रा हाताला गार लागेपर्यंत ठेवावी. सुपारीएवढे मेण मऊ सुती कापडावर घेऊन एका वेळी एकाच भागावर, दिसेल न दिसेल इतका पातळ थर द्यावा. थर जाड केला म्हणून चमक वाढत नाही, फक्त पुसण्याचे श्रम वाढतात. दहा-पंधरा मिनिटांनी पांढुरके झाले की, बोट फिरवून पाहावे. बोटाखाली रंग काचेसारखा स्वच्छ दिसला तर दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. कापडाची शिवण आणि काठ कापून टाकावेत. काच, ब्रेकची चकती आणि काळे खडबडीत प्लास्टिक यांना मेण लागू देऊ नये. आपल्या उन्हात ते दीड-दोन महिने टिकते, आणि कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुतली तर पहिल्याच धुण्यात निघून जाते. ही फडकीसुद्धा बोळा न करता पसरूनच वाळवावीत.

ज्यांच्या गाडीला नुकताच रंग दिला आहे, त्यांनी दोन महिने थांबावे, म्हणजे रंगातला थिनर पूर्ण निघून जातो. मॅट रंगाच्या गाडीला मेण लावूच नये. आणि एक गोष्ट मी रंगारी म्हणून मुद्दाम सांगतो: बाजारातल्या पुष्कळ चकाकीच्या द्रव्यांत सिलिकोन असते, आणि अशा गाडीला पुढे अपघातानंतर रंग द्यायची वेळ आली की, ओल्या रंगात गोल गोल खड्डे पडतात, ज्यांना आम्ही फिश आय म्हणतो. त्यापायी कित्येकदा दिवसभराचे काम पुन्हा करावे लागते. वर दिलेल्या मेणात सिलिकोन नाही, ते रंगकामापूर्वी टर्पेन्टाइनने नीट पुसले की मागे काही राहत नाही. घरगुती मेणाचा मी जो आग्रह धरतो, त्याचे हेही एक कारण आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. लग्नसराई आहे, लेकी माहेरी येतील, घरोघर गाड्या धुतल्या-पुसल्या जातील, आणि पुरवणीतले ते पान अनेकांनी कापून ठेवले असेल. माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की, जवसाचे तेल आणि गॅस यांविषयीची दुरुस्ती आखाजीपूर्वी, त्याच पुरवणीत आणि त्याच पानावर प्रसिद्ध करावी. जागा अपुरी असेल, तर माझे प्रमाण, केळीचा चीक, कार्नौबाचे झाड हे सगळे वगळावे. परंतु तेलाच्या चिंध्यांचा परिच्छेद तेवढा ठळक अक्षरांत छापावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त रंगकाम कारागीर,
भुसावळ, जि. जळगाव